दारावरचे गोल

गावात मला दोन नावं होती. तोंडावर ‘नर्सबाई’ आणि पाठ वळली की ‘तांबीवाली’. तिसरंही एक होतं, एका सासूनं भर डेअरीत दिलेलं, पण ते छापलं तर हा अंक घरात कुणी ठेवणार नाही. त्या सासूचीच ही हकीकत आहे, त्यामुळं नाव सांगितलं नाही तरी बाई तुम्हाला भेटेलच.

मी मूळची मुरूमकडची, बौद्ध घरातली. चार भावंडांत शिकलेली मी एकटी. नर्सिंग उरकलं आणि नळदुर्गच्या अलीकडं, हैदराबाद रस्ता सोडून दोन कोस आत, एका उपकेंद्रावर हजर झाले. उपकेंद्र म्हणजे दवाखाना नव्हे. एक खोली, एक लोखंडी टेबल, एक कपाट आणि मी. माझ्याकडं पाच गावं होती. पायी फिरायचं, बाळंतपणं करायची, लसी टोचायच्या आणि ज्या घरात नवरा-बायको आहेत त्या प्रत्येक घराची रजिस्टरात नोंद ठेवायची. बाईचं वय काय, झाली किती, जगली किती, शेवटचं किती महिन्यांचं. मग त्या बाईला सांगायचं की बाई गं, पुढचं होण्याआधी जरा दमानं घे. सांगायला एक मिनिट लागायचं. ऐकायला एकेकीनं दहा-दहा वर्षं लावली.

मी हजर झाले आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. वाईट वाटतं सांगायला, पण माझ्या कामाची त्यात सोय झाली. एरवी घराघरांतून सासूच्या पलीकडं न दिसणाऱ्या सुना तिथं एका बांधावर बसून कामावर वाटलेली सुकडी खायच्या. मी उभी राहायचे आणि शिकवल्याप्रमाणं बोलायचे. आम्हाला शिकवलं होतं की शेतीतले दाखले द्या. म्हणून मी म्हटलं, “ज्वारी दाट उगवली की कणीस भरतं का? विरळणी करावी लागते का नाही? तसंच पोरांचं.”

एक बाई हातातली हातोडी खाली ठेवून म्हणाली, “व्हय बाई, पर इरळताना मधली रोपं उपटून टाकत्यात की. आमी कुठलं पोरगं उपटावं म्हनता?”

सगळा बांध हसला. घरी येऊन रडले सुद्धा. पण त्या दिवशी एक कळलं, की ह्या बाया अडाणी आहेत असं समजून त्यांच्यापुढं उभं राहायचं नाही. एवढं कळूनही पुढं मी तीच चूक केली, ती सांगतेच.

मधल्या आणीबाणीच्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही. शस्त्रक्रियांच्या केसेस आणा, नाहीतर पगार थांबेल, असं आम्हाला वरून बजावलेलं होतं. खात्याच्या गाडीचा आवाज आला की माणसं ज्वारीत पळायची. मीही त्या गाडीत बसले आहे. ज्यांना नीट समजावलं नव्हतं अशा माणसांनाही आम्ही नेलं. त्याची भरपाई मला पुढं कधी करता आली असं वाटत नाही. नंतर कितीतरी वर्षं मी साधी लोहाची गोळी दिली तरी बाया ती उकिरड्यावर टाकायच्या. उकिरड्यात लाल गोळ्या चमकताना मी स्वतः पाहिल्या आहेत. ‘हिच्या हातचं काय खाल्लं तर कूस बंद पडती,’ असं गाव म्हणायचं, आणि गावाला दोष तरी कसा देणार?

मला पुन्हा उभं केलं ते दोन गोष्टींनी. एक हलिमाबी आणि दुसरी दूध डेअरी.

हलिमाबी गावची दाई. पन्नाशीची, काटक, तोंडात सदा पान. मी आल्यापासून माझ्याशी उभा दावा. एकदा मला वाटेत अडवून म्हणाली, “नर्सबाई, तुमे बच्चे कम करनार, तो मेरा पेट कौन भरनार?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “हलिमाबी, गेल्या साली तुमच्या हातावर दोघी गेल्या. त्या जगल्या असत्या तर पुन्हा तुम्हालाच बोलावलं असतं ना? मी बच्चे कम करत नाही. एकामागं एक लगेच येऊ देत नाही, एवढंच.”

तिनं पानाची पिंक टाकली. मग म्हणाली, “बात तो सही हाय.” त्या दिवसापासून ज्या घराची कडी मला उघडायची नाही, ती हलिमाबी उघडून द्यायची.

डेअरी आली ऐंशीच्या पुढं. गावात दूध संस्था निघाली, घरोघरी एखादी म्हैस आली आणि सकाळ-संध्याकाळ कासंड्या घेऊन बायांची रांग लागायला लागली. घरी सासूच्या नजरेखाली जे बोलता येत नाही ते रांगेत बोलता येतं. मी रोज सकाळी डेअरीच्या पायरीवर जाऊन बसायचे. सेक्रेटरी चिडायचा, “बाई, तुमच्यामुळं दुधाचं फॅट लागंना.” मी म्हणायचे, “माझ्यामुळं न्हाय, त्यातल्या पाण्यामुळं.”

ह्या पायरीवर मला शेवंता भेटली.

वीस-एकवीसची पोरगी. दोन मुली, दोघींत तेरा महिन्यांचं अंतर. दुसरीच्या वेळी मी आणि हलिमाबी दोघी होतो आणि रक्त थांबता थांबत नव्हतं. बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून एका ट्रकवाल्याच्या पाया पडून नळदुर्ग, तिथून पुढं सोलापूर. वाचली, पण नखं, ओठ, डोळ्यांच्या कडा सगळं पांढरंफटक. तिथल्या डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं की तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर ह्या बाईची खात्री नाही.

तिचा नवरा दत्तू ट्रकवर क्लीनर. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. त्याला मी सगळं सांगितलं तर तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, “आईला इचारा.” आई म्हणजे गोदामावशी. विधवा, एकच मुलगा, आणि घरात दोन नाती. तिला नातू हवा होता, आणि लगेच हवा होता. मी विषय काढला की ती सूप आपटायची. तिच्या भावाची मुलगी लग्नाची होती. ‘हिच्यानं व्हत नसंल तर दुसरी आनू,’ हे ती शेवंतासमोरच बोलायची.

शेवटी शेवंतानंच मला विचारलं. रांगेत, कासंडी डोक्यावर तशीच. “बाई, ती तांबी का काय म्हनत्यात, ती कुनाला दिसत न्हाय न्हवं?”

“नाही दिसत.”

“बसवा मंग.”

अंगात रक्त नव्हतं म्हणून आधी तीन महिने तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. रोज एक, डेअरीच्या पायरीवर, माझ्या डोळ्यांदेखत. जरा रंग आला तेव्हा मी तांबी बसवली. तांबी म्हणजे इंग्रजी टी आकाराचा, तांब्याची तार गुंडाळलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. पिशवीत बसवला की तीन वर्षं दिवस राहत नाहीत, आणि काढला की राहतात. काळजात चढते, नवऱ्याला टोचते, हे सगळं झूट. शेवंताची तांबी तिला, मला आणि हलिमाबीला ठाऊक. चौथ्या माणसाला नाही.

आता माझी चूक.

आमच्या खात्यात पद्धत होती, की घरभेट दिली की दाराशेजारी भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची. मलेरियावाला लिहायचा, मीही लिहायचे. वरचे साहेब आले की भिंत बघून कळतं, बाई खरंच फिरते की घरी बसून रजिस्टर भरते. आणि तांबी बसवलेल्या बाईला महिन्यानं, तीन महिन्यांनी तपासावं लागतं. पाच गावं, शेकडो दारं. लक्षात राहावं म्हणून मी तांबीच्या घरी तारखेशेजारी एक बारीक गोल काढायला लागले. हरभऱ्याएवढा. मनात म्हटलं, बायांना तारीख वाचता येत नाही, गोल काय कळणार आहे! केवढी मी शहाणी!

अंगणवाडीच्या बाईंनी तांबी बसवली होती, आणि ते त्यांनी गावभर स्वतःच सांगितलं होतं. त्यांच्या दारावर गोल होता. झालं. एकीनं तेवढा बघितला आणि मग डेअरीला येता-जाता गावातली सगळी दारं चाळून काढली. आठ दिवसांत अकराच्या अकरा घरं तोंडपाठ.

सकाळची रांग होती. मागून एक बाई गोदामावशीला म्हणाली, “तुजं बी नशीब गं गोदा. नातू पायजे म्हनतीस आन् सुनंच्या दारावर गोल.”

गोदामावशीनं हातातलं दूध तिथंच ओतलं आणि मला ते तिसरं नाव दिलं. मग घरी गेली. घरी काय झालं ते शेजारच्या बायांनी सांगितलं. शेवंताचं अंथरूण गोठ्यात टाकलं, भाकरी बंद केली, आणि मुरूमला भावाकडं निरोप धाडला, की पोरगी बघायला येते. मला त्या दिवशी अन्न गेलं नाही. ती पोरगी माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती, आणि मीच तिच्या दारावर दवंडी लिहून आले होते.

बाकीच्या दहा जणींचं काय? त्यांतल्या चौघींनी तरी घरी सांगितलं नव्हतं. पुसून टाकावा तर पुसलेला गोल आणखीच ओरडून सांगणार. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत गेरूचा डबा घेतला आणि गावातल्या यच्चयावत दारांवर गोल काढले. विधुराच्या घरावर, मारवाड्याच्या दुकानावर, तालमीवर, सगळीकडं. कुणी विचारलं तर सांगायचे, तपासणी झाल्याची नवी खूण आहे, आधीच्या घरांवरचीही तीच.

दुपारी सरपंच उपकेंद्रावर. “बाई, माझ्या म्हातारीच्या दारावर गोल काढलाव. तिला पंच्याहत्तर वर्सं झाल्यात. लोक हसायलेत.”

“तपासणी झाली म्हणून काढला, सरपंच.”

“कसली तपासनी?”

“मोतीबिंदूची,” मी ठोकून दिलं. मग खरंच जाऊन म्हातारीचे डोळे बघावे लागले, आणि मोतीबिंदू होताच.

गाव महिनाभर हसलं आणि त्या हसण्यात चौघींची घरं वाचली. शेवंताचं मात्र काही सुटलं नाही. गोदामावशी असल्या गेरूला फसणारी बाई नव्हती.

चौथ्या दिवशी ती आली. शेवंताला मनगटाला धरून, मागं थोरली पोर रडत, धाकटी शेवंताच्या कडेवर. मी टेबलाशी बसले होते. गोदामावशी दारातूनच म्हणाली, “काढा ते. आत्ता काढा.”

मी म्हटलं, “मावशी, डॉक्टरांचा कागद माझ्याकडं आहे. तीन वर्षांच्या आत दिवस गेले तर ही वाचायची नाही.”

“माज्या घरात कोन वाचंल आन् कोन न्हाय, ते तू सांगनार?”

मी शेवंताकडं बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, “काढा बाई. न्हाय काढली तर घरात घेत न्हायत. पोरींना कुठं घिऊन जाऊ?”

नियम असा, की बाईनं स्वतः मागितलं तर तांबी काढून द्यायची. आणि शेवंतानं मागितलं होतं. मी काढून दिली असती तर कागदोपत्री माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. पण हात उठेना. वेळ काढायचा म्हणून मी रजिस्टर उघडलं. “बसा. आधी नोंद करावी लागते,” म्हटलं आणि सवयीनं शेवंताला विचारायला लागले, “वय?... झाली किती?... जगली किती?”

“तिला काय इचारतीस?” गोदामावशी कडाडली. “दोन पोरी काढल्या आन् दमली. मला इचार की! म्या सा काढली. आमाला कुनी तांबी दिली?”

मलाही राग आला. मी म्हटलं, “सांगा मग. जगली किती?”

“येक.”

“आणि बाकीची?”

ती सांगायला लागली ती तावातच. पहिली सोनी. रझाकाराच्या साली गाव सोडून सोलापूरकडं पळाले, वाटेत तापानं गेली. दुसरा अर्जुन. तो रांगत होता तेव्हा तिसरी पोटात, दूध आटलं, तो गेला. तिसरी रुक्मी, वर्षाची होऊन गेली. चौथा चार दिवसांचा, त्याचं नाव ठेवायचं राहिलं. सांगता सांगता आवाज खाली येत गेला. आणि मधेच ती थांबली.

“लिव की गं. पेन हलंना तुजं.”

खरंच, पेन हातात होतं आणि मी एक अक्षर लिहीत नव्हते. ते रजिस्टर पंचेचाळीसच्या आतल्या बायांचं. तिच्या वयाच्या बाईला त्यात रकानाच नव्हता. मी तसं सांगितलं.

“मंग आमी काय मेलाव का?” गोदामावशी म्हणाली. ओरडून नाही, साधं.

मला लाज वाटली. इतकी वर्षं मी ‘झाली किती, जगली किती’ विचारत होते आणि आकडा लिहून पुढच्या घरी जात होते. मी शेवटचं कोरं पान काढलं, वर तिचं नाव लिहिलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. सोनी. अर्जुन. रुक्मी. बिननावाचा. ती माझ्या पेनाकडं बघत हळूहळू सांगत होती.

“पाचवा आमचा दत्तू. त्यो जगला.”

“आणि सहावं?”

“पोरगी. मेलेलीच झाली.”

“दत्तूनंतर किती दिवसांनी?”

“लई दिसांनी. ह्यास्नी सोलापूरला मिलात काम लागलं हुतं, दत्तू तीन म्हयन्याचा असताना गेले. तीन सालं तिकडंच. चार-सा म्हयन्याला येक डाव कापड घिऊन यायचे, तेबी जत्रंला. दत्तू माज्या अंगावर तीन सालं प्याला. लोक नावं ठिवायचे, येवढं घोडं पितंय म्हनून...”

आणि ती बोलायची थांबली.

खरं सांगते, माझ्या जिभेवर आख्खं भाषण आलं होतं. पण बांधावरची ती हातोडीवाली बाई आठवली आणि मी तोंड मिटून बसले. गोदामावशी धाकट्या नातीकडं बघत होती. ती नात शेवंताच्या पदराखाली शिरून पीत होती.

मग तिनं विचारलं, “त्या डागदरानं किती सालं म्हनली?”

“तीन.”

“तीन म्हंजी तीन. येक दिस बी जास्ती न्हाय. मोजून त्या दिशी मीच घिऊन येती, तवा काय बोलायचं न्हाय.”

“नाही बोलणार.”

“चल गं,” ती शेवंताला म्हणाली आणि थोरल्या पोरीचं नाक स्वतःच्या पदरानं पुसून तिला उचलून घेतलं. मुरूमचा भाऊ आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवला म्हणे. कारण काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही.

ती तीन वर्षं शेवंता माझ्या डोळ्यांसमोर भरत गेली. दोन्ही पोरी धडधाकट झाल्या. आणि मुदत भरली त्या दिवशी, बाजाराचा दिवस असूनही, गोदामावशी तिला घेऊन दारात हजर. मीही दिला शब्द पाळला. एक अक्षर न बोलता तांबी काढली. पुढच्या वर्षी शेवंताला दिवस गेले. दर महिन्याला गोदामावशी तिला तपासायला आणायची आणि माझ्या वजनकाट्यावर विश्वास नसल्यासारखी दोनदा वजन करायला लावायची.

बाळंतपण त्यांच्या घरीच झालं, पहाटे. मी त्यांना सोलापूरला जा म्हणत होते, पण कळा अवेळी सुरू झाल्या. मी आणि हलिमाबी आत, गोदामावशी बाहेर उंबऱ्याशी. मागच्या वेळचं रक्त मी विसरले नव्हते. हलिमाबी तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. पण सगळं सुखरूप झालं. मूल मोठ्यानं रडलं, वार नीट पडली, रक्त थांबलं. आणि तिसरीही मुलगीच.

आता बाहेर जाऊन सांगायचं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी शेकडो वेळा असं दार उघडलं आहे. बाहेर कुणीही असो, सासू, नवरा, दीर, पहिला प्रश्न एकच यायचा, “काय झालं?” मुलगी म्हटलं की तोंडं कशी उतरतात ते मला पाठ होतं. आणि ही तर गोदामावशी, तीन वर्षं मोजून थांबलेली. काय बोलावं ते मनाशी जुळवत मी दार उघडलं.

ती उंबऱ्याला धरून उठली. म्हणाली, “शेवंता कशी हाय?”

मनाशी जुळवलेलं सगळं तसंच राहिलं.

“बरी आहे, मावशी,” मी म्हटलं. “शुद्धीवर आहे. पाणी मागायलीय.”

“मंग पाज की. रांजन तिथंच हाय, तांब्या फळीवर हाय. हुबी काय ऱ्हायलीस?”